‘एक तृतीयांश खर्च’ म्हणजे नेमका कुणाचा? व्हाउचरचा गाजलेला पेपर बीडमधून वाचताना

शिक्षणाच्या अर्थकारणावर संशोधन करायचं ठरवलंत, की पहिल्या महिन्यातच कुणीतरी तुमच्या हातात एक पेपर ठेवणार. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांचा, २०१५ साली ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये छापून आलेला. आंध्र प्रदेशातल्या खेड्यांमध्ये मुलांना व्हाउचर देऊन खाजगी शाळेत पाठवलं तर काय होतं, हा त्याचा विषय. पेट-पीएचडीच्या मुलाखतीत, सेमिनारमध्ये, वर्तमानपत्रातल्या लेखात सगळीकडे तो येतो. आणि बहुतेक वेळा एकाच वाक्याच्या रूपात येतो: ‘खाजगी शाळा तेवढंच शिकवतात आणि एक तृतीयांशपेक्षा कमी खर्चात शिकवतात.’

या लेखात मला त्या वाक्याबद्दल बोलायचंय. पेपर वाईट आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. उलट तो इतका चांगला आहे, की त्याच्यावर टीका करताना तुम्हाला खरं काम करावं लागतं. ‘सॅम्पल लहान आहे’, ‘ग्रामीण वास्तव वेगळं असतं’ असली छापील वाक्यं इथे चालत नाहीत. माझा मुद्दा असा, की हा पेपर बीड जिल्ह्यात आणून ठेवला तर त्याचे तीन महत्त्वाचे शब्द, म्हणजे ‘खाजगी’, ‘खर्च’ आणि ‘परिणाम’, आपला अर्थ बदलतात. तो कसा बदलतो ते नीट सांगता आलं, तर तुमच्या संशोधन प्रस्तावाचा अर्धा भाग तयार झाला म्हणून समजा.

आधी पेपर काय करतो ते बघू

नेहमीची अडचण तुम्हाला माहीत आहे. खाजगी शाळेतली मुलं परीक्षेत पुढे दिसतात, पण त्यांचे आईवडीलही जास्त शिकलेले असतात, घरची परिस्थिती बरी असते. मग श्रेय शाळेचं की घराचं? यावर उपाय म्हणजे सोडत. ज्यांनी अर्ज केला त्यांच्यातून चिठ्ठीने काहींना व्हाउचर द्यायचं, काहींना नाही. दोन्ही गटांची घरं सरासरीने सारखीच, त्यामुळे पुढे जो फरक दिसेल तो शाळेचा.

या दोघांनी एक पायरी वाढवली. पाच जिल्ह्यांतली १८० गावं घेतली. आधी गावांची सोडत: निम्म्या गावांत योजना, निम्म्या गावांत नाही. मग योजनेच्या गावांत मुलांची सोडत. याचा फायदा असा, की व्हाउचर मिळालेल्या मुलाचं काय झालं हे तर कळतंच, पण जी मुलं सरकारी शाळेत मागे राहिली त्यांचं काय झालं आणि जी आधीपासून खाजगीत होती त्यांचं काय झालं, हेही मोजता येतं. दोन टप्प्यांची ही सोडत अतिशय देखणी रचना आहे. पद्धतीशास्त्राचा धडा म्हणून ती वहीत काढून ठेवा.

निष्कर्ष चार. एक, दोन आणि चार वर्षांनंतर तेलुगू, गणित, इंग्रजी, विज्ञान-समाजशास्त्र यांत सोडत जिंकलेल्या आणि हरलेल्या मुलांत फरक नाही. दोन, सरकारी शाळांत न शिकवली जाणारी हिंदी खाजगीत शिकवली जात होती, तिथे जिंकलेली मुलं बरीच पुढे. तीन, दर मुलामागचा खर्च खाजगी शाळेत सरकारीच्या एक तृतीयांशपेक्षा कमी. चार, मागे राहिलेल्या मुलांच्या गुणांवर वाईट परिणाम नाही.

आता एक गंमत बघा. याच प्रकल्पाच्या माहितीवर डी. डी. करोपाडी यांनी २०१४ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त लेख लिहिला. त्यांचा भर कशावर होता? खाजगी शाळेत गेल्याने गरीब मुलांच्या शिकण्यात विशेष भर पडत नाही, यावर. म्हणजे प्रकल्प एक, आकडे एक आणि मथळे दोन. ‘तेवढंच शिकतात, मग खाजगीत पाठवायचं कशाला?’ आणि ‘तेवढंच शिकतात, तेही स्वस्तात, मग खाजगीत का नको?’ या दोन वाचनांमधला फरक मुलांच्या गुणांत नाही, तो खर्चाच्या आकड्यात आहे. म्हणून मी त्या आकड्यापाशी थांबलो.

‘खाजगी’ कोणती?

अमेरिकेत चार्टर शाळांचा वाद तुम्ही वाचला असेल. मिनेसोटा राज्याने १९९१ मध्ये पहिला कायदा केला. शाळा चालवणार खाजगी संस्था, पैसा सरकारी. न्यूयॉर्कमध्ये तर भांडण पैशाइतकंच जागेवरून झालं: एकाच सरकारी इमारतीत एका मजल्यावर जुनी शाळा, दुसऱ्या मजल्यावर चार्टर. २०१४ मध्ये महापौर डी ब्लासिओ यांनी काही चार्टर शाळांना दिलेली जागा मागे घेतली, त्यावर रान उठलं, आणि शेवटी राज्याने कायदा करून शहरावर जागा किंवा भाडं देण्याची जबाबदारी टाकली.

हे वाचून आपल्याकडचे विद्यार्थी लिहितात, ‘भारतात चार्टर शाळा नाहीत.’ थोडं थांबा. खाजगी संस्थेने शाळा चालवायची आणि पगार सरकारने द्यायचा ही पद्धत महाराष्ट्राला नवी नाही. ‘अनुदानित शाळा’ म्हणजे दुसरं काय? कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली तेव्हापासून संस्थाचालक, सरकारी अनुदान आणि गावाने दिलेली जागा या तिघांच्या संसारावर इथलं माध्यमिक शिक्षण उभं आहे. आणि सरकारी इमारतीत खाजगी संस्था, हेही मुंबईत आहे. महापालिकेच्या काही शाळा आकांक्षा फाउंडेशनसारख्या संस्था चालवतात.

पण आंध्रच्या पेपरमधली ‘खाजगी’ ही या जातीची नाही. ती पालकांच्या फीवर चालणारी, गावातली छोटी शाळा. बीडमध्ये कुठल्याही तालुक्याच्या गावी, गेवराई म्हणा, केज म्हणा, माजलगाव म्हणा, ‘खाजगी’ या एका पाटीखाली निदान चार प्रकार सापडतात. पूर्ण अनुदानित. अंशतः अनुदानित, म्हणजे २०, ४०, ६० टक्क्यांच्या टप्प्यावर असलेली. विनाअनुदानित. आणि २०१२ च्या कायद्याखाली आलेली स्वयंअर्थसहाय्यित, जी अनुदान मागणारच नाही असं गृहीत आहे. यातल्या पहिल्या शाळेचा शिक्षक वेतन आयोगाचा पगार घेतो आणि तिसऱ्या शाळेतला संस्था देईल ते घेतो. काही ठिकाणी काहीच घेत नाही.

तर पहिली टीका ही: ‘सरकारी विरुद्ध खाजगी’ ही जोडी आंध्रच्या त्या १८० गावांत चालली, कारण तिथे ‘खाजगी’ एकाच प्रकारची होती. ती जोडी जशीच्या तशी उचलून बीडच्या माहितीवर लावली, तर तुमच्या कोष्टकात सरकारी पैशावर पूर्णपणे चालणारी शाळा आणि सरकारचा एक रुपया न घेणारी शाळा एकाच रकान्यात बसतील.

‘खर्च’ कुठल्या वर्षाचा?

आता मुख्य गोष्ट. पेपरच्या लेखकांनी काही लपवलेलं नाही. खर्च कमी असण्याचं मोठं कारण शिक्षकांचा कमी पगार हे ते स्वतःच सांगतात. आंध्रमध्ये तो पगार बाजाराने ठरवलेला होता. शिक्षक तेवढ्यावर कामाला येतो, पुढेही तेवढ्यावरच राहणार असं तोही जाणतो.

महाराष्ट्रात तसं नाही. इतिहास बघा. २००१ पासून सरकारने नव्या शाळांना ‘कायम विनाअनुदानित’ या अटीवर परवानगी द्यायला सुरुवात केली. अट स्पष्ट होती: अनुदान कधीच मागायचं नाही. शाळा निघाल्या, शिक्षक लागले, मुलं आली. मग आंदोलनं झाली आणि २००९ मध्ये सरकारने ‘कायम’ हा शब्द काढून टाकला. एका शब्दाने हजारो शाळा ‘कधीच नाही’मधून ‘कधीतरी’मध्ये आल्या. २०११ मध्ये मूल्यांकनाचे निकष आले, २०१६ मध्ये पात्र शाळांना पहिले २० टक्के मिळाले, पुढे ४०, मग २०२३ मध्ये ६० पर्यंतचे टप्पे. २०२४ मध्ये पुढच्या टप्प्याचा शासन निर्णय निघाला पण निधी आला नाही, म्हणून जुलै २०२५ मध्ये शिक्षक पुन्हा मुंबईत आझाद मैदानावर बसले.

यावरून काय कळतं? इथली विनाअनुदानित शाळा हा एक स्थिर प्रकार नाही, ती एक रांग आहे. रांगेत उभा असलेला शिक्षक आज कमी पगारावर किंवा बिनपगारी काम करतो, कारण त्याला उद्याच्या शंभर टक्क्यांची आशा आहे. म्हणजे शाळेचा आजचा कमी खर्च हा कार्यक्षमतेचा पुरावा नाही. ते शिक्षकाने सरकारला दिलेलं कर्ज आहे, ज्याला ना व्याज ना परतफेडीची तारीख. २००८ मध्ये त्याच शाळेचा दर मुलामागचा खर्च मोजा, २०१६ मध्ये मोजा, आणि शंभर टक्के झाल्यावर मोजा. इमारत तीच, फळा तोच, शिक्षक तेच. आकडा मात्र कितीतरी पट वेगळा येईल. मग ‘खाजगी शाळेचा खर्च’ म्हणून तुम्ही यातला कुठला आकडा लिहिणार?

आणि ही रांग किती महाग पडते ते बीडला माहीत आहे. मार्च २०२५ मध्ये इथल्या एका आश्रमशाळेच्या शिक्षकाने आत्महत्या केली. अठरा वर्षं पगाराविना काम केल्याचं त्याने जाण्यापूर्वी लिहिलं होतं. आश्रमशाळांचं खातं वेगळं, अनुदानाची वाट वेगळी, त्यामुळे वर सांगितलेल्या टप्प्यांशी त्याची थेट जोडणी करू नका. पण यंत्रणा तीच: आज काम, पगार कधीतरी. मी हा प्रसंग भावनेला हात घालायला आणलेला नाही. दर मुलामागच्या खर्चाच्या कुठल्याही कोष्टकात त्या अठरा वर्षांच्या पगाराचा रकाना शून्य असतो. आणि शून्य असल्यामुळे ती शाळा कोष्टकात सगळ्यात ‘कार्यक्षम’ ठरते. अशा मोजमापावर धोरण उभं करायचं का, हा प्रश्न संशोधकाने विचारायचा नाही तर कुणी विचारायचा?

‘परिणाम’ गुणांत मोजायचा की पटात?

मागे राहिलेल्या मुलांवर परिणाम नाही, हा पेपरचा चौथा निष्कर्ष. तिथे परिणाम मोजला तो परीक्षेच्या गुणांत. आपल्याकडे मुलं गेल्यावर पहिला फटका गुणांना बसत नाही, पटाला बसतो.

साधं गणित करू. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० पर्यंत तीन. राज्याचे संचमान्यतेचे निर्णय त्यात वेळोवेळी भर घालतात, पण ढाचा हाच. समजा जिल्हा परिषदेच्या शाळेत ६३ मुलं आहेत. त्यातली चार इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या बसमध्ये बसली. पट ५९. कायद्याच्या हिशेबाने तिसऱ्या शिक्षकाचा आधार गेला. मागे राहिलेल्या ५९ मुलांना आता दोन शिक्षक पाच वर्ग शिकवणार. गेलेली मुलं चार, झळ ५९ जणांना. आता हीच चार मुलं ८० पटाच्या शाळेतून गेली असती, तर काहीच झालं नसतं. म्हणजे परिणाम सरळ रेषेत चालत नाही, तो पायरीवरून पडतो.

सगळ्यात खालची पायरी म्हणजे २०. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याने २० पेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले. पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ ही उदाहरणं पुढे ठेवली. अशा शाळांची संख्या तेव्हा १४,७८३ आणि त्यांतली मुलं १,८५,४६७ अशी सांगितली गेली. भागाकार करा: शाळेमागे साधारण साडेबारा मुलं. वाड्या-तांड्यांवरची शाळा बंद होणं म्हणजे गुण कमी होणं नव्हे, ती शाळाच नकाशावरून जाणं आहे. गुणांची परीक्षा घेऊन हा परिणाम कधीच सापडणार नाही, कारण परीक्षा घ्यायला शाळा उरलेली नसेल.

आणि सरकारी शाळा जवळ ‘असणं’ हेच शस्त्र म्हणूनही वापरता येतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी विनाअनुदानित शाळेला २५ टक्के राखीव प्रवेशातून सूट. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी तो बदल रद्द केला. एकीकडे पट कमी म्हणून शाळा हलवायची, दुसरीकडे शाळा जवळ आहे म्हणून खाजगीचं दार लावायचं, ही दोन धोरणं वर्षभराच्या आत आली. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. गरीब पालकाची ‘निवड’ दोन्ही बाजूंनी आकसते.

मूलच जागेवर नसेल तर?

बीडचा म्हणून खास मुद्दा हा. पट कुठल्या तारखेचा धरतात? ३० सप्टेंबर. आणि ऊसतोडीच्या टोळ्या कधी निघतात? दिवाळीच्या आगेमागे. धारूर, वडवणी, शिरूर, पाटोदा, आष्टी या भागांतल्या कितीतरी गावांत हजेरीपटावर असलेलं मूल ३० सप्टेंबरला वर्गात असतं आणि डिसेंबरात कोल्हापूर-सांगलीच्या किंवा कर्नाटकातल्या फडावर. आजीजवळ राहिलं तर हंगामी वसतिगृहाचं जेवण, नाहीतर कोयत्यासोबत प्रवास.

व्हाउचरची सगळी कल्पना अशी, की पैसा मुलामागे जाईल. पण वर्षातले पाच-सहा महिने मूलच शाळेमागे नसतं. अशा गावात सोडत काढली, तर व्हाउचर जिंकलेलं मूल ‘खाजगी शाळेत गेलं’ असं लिहायचं की ‘अर्धं वर्ष गेलं’ असं? चार वर्षांनी परीक्षा घ्यायला गेलात आणि तुम्ही जानेवारीत गेलात, तर सापडतील ती मुलं कोण? ज्यांच्या घरी थोडी बागायत आहे, ज्यांना गाव सोडावं लागत नाही, ती. म्हणजे सोडतीने काढून टाकलेला घरचा फरक मागच्या दाराने परत आला. नमुना गळती म्हणून पुस्तकात जो धडा आहे, तो बीडमध्ये कारखान्याच्या मोळीपूजनाच्या तारखेने ठरतो.

उलट बाजूही सांगतो. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर तीन दिवसांची पटपडताळणी झाली, मुलांच्या बोटाला मतदानासारखी शाई लावली आणि लाखोंच्या संख्येने मुलं जागेवर सापडली नाहीत. त्यात खोटा पट होता, अनुदान आणि पदं टिकवण्यासाठी फुगवलेला. पण ‘त्या दिवशी गैरहजर’ आणि ‘मुळात अस्तित्वातच नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या वेगळ्या करणं हे संशोधकाचं काम आहे. संस्थाचालकाचं म्हणणं किंवा अधिकाऱ्याचं म्हणणं, कुठलंही एक उचलून ते होत नाही.

मग तुम्ही काय करायचं?

प्रस्ताव लिहिताना चार गोष्टी करा.

पहिली, ‘खाजगी’ हा शब्द एकटा वापरू नका. प्रत्येक शाळेपुढे अनुदानाचा टप्पा आणि तो कधी मिळाला ते वर्ष लिहा. दुसरी, खर्च एका वर्षाचा घेऊ नका, शाळेच्या आयुष्याचा घ्या. इथे एक अडचण येईल. अनुदानित पगार ‘शालार्थ’ प्रणालीत दिसतात, पण जिथे सरकारी पगारच नाही तिथली नोंद तिथे मिळणार नाही. जिथे पैसा आहे तिथेच माहिती आहे. बिनपगारी वर्षं फक्त माणसांशी बोलून कळतात, म्हणून मुलाखती हा तुमच्या अभ्यासाचा शोभेचा भाग नाही. तिसरी, परिणाम गुणांसोबत पटात आणि पदांत मोजा, आणि ६०, २० या पायऱ्यांजवळच्या शाळा वेगळ्या काढून बघा. चौथी, भेटीची तारीख हंगामाच्या आत आणि बाहेर, दोन्ही ठेवा.

आणि एक वाचन. गीता किंगडन आणि मोहम्मद मुझम्मिल यांचं उत्तर प्रदेशातल्या शिक्षक-राजकारणावरचं २००३ चं पुस्तक. विधान परिषदेत शिक्षकांना वेगळा मतदारसंघ आहे, पण मत माध्यमिक आणि त्यावरच्या संस्थांतल्या शिक्षकांना, प्राथमिकच्या नाही. आपल्याकडे मराठवाड्याच्या शिक्षक मतदारसंघात बीड येतं आणि अनुदानाचा टप्पा हा तिथल्या निवडणुकीचा नेहमीचा विषय असतो. तांड्यावरच्या दोनशिक्षकी शाळेसाठी मत मागायला तसं कुणी येत नाही. अनुदानाची रांग पुढे सरकते आणि छोटी शाळा हलते, यामागे गुणांच्या तक्त्याइतकाच हाही हिशेब आहे.

पेपर जरूर वाचा, पूर्ण वाचा, त्याची सोडतीची रचना शिका. त्याचा पहिला निष्कर्ष, की खाजगी शाळेची चमक बरीचशी घराची असते, बीडमध्येही तपासून बघण्यासारखा आहे आणि मला तो खरा ठरेल असं वाटतं. फक्त ‘एक तृतीयांश’ हा आकडा इकडे आणू नका. आणायचाच असेल तर त्याच्या शेजारी लिहा, की उरलेले दोन तृतीयांश कुणी भरले.